सुझदाल एका दिवसात उरकावे की एक रात्र राहावे? डिसेंबरअखेरच्या कौटुंबिक सहलीसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमचे चौघांचे कुटुंब मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गला जात आहे. त्या चौघांत सत्तरीच्या आई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि तुम्ही सगळे पूर्ण शाकाहारी आहात. मॉस्कोतल्या चार दिवसांपैकी २७ तारखेला टॅक्सी करून सुझदाल हे जुने गाव पाहायचे आणि रात्री परत यायचे, असा बेत आहे. तिथे काय पाहावे, जेवणाचे काय, आईंना थंडी सोसेल का आणि कार्ड चालत नसेल तर पैसे कसे द्यायचे, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे पुण्याहून मराठी मंडळींचे गट घेऊन रशियात जातो, तेव्हा या चारही गोष्टींविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र तुमची खरी अडचण या चारांपैकी एकही नाही. ती उजेडाची आहे, आणि तिचे उत्तर मिळाले की बाकीची उत्तरे बरीच सोपी होतात.

सुझदाल मॉस्कोच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, सुमारे २२० किलोमीटरवर आहे. रस्ता मोकळा असला तर मोटारीने साडेतीन तास लागतात. बर्फ पडत असेल किंवा मॉस्कोच्या वेशीवरच वाहने तुंबलेली असतील, तर पाच तासही लागतात. डिसेंबरअखेर तिथे सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. म्हणजे सकाळी सातला अंधारात निघालात, तर अकरा वाजता पोहोचाल आणि तुमच्या हाती जेमतेम पाच तासांचा उजेड राहील. त्यातला एक तास जेवणात जाईल, आणि जड कोट, टोप्या, हातमोजे प्रत्येक ठिकाणी काढून पुन्हा घालण्यात किती वेळ जातो याचा अंदाज भारतातून निघताना कोणालाच येत नाही. दुसरीकडे आईंना त्या दिवशी सात-आठ तास मोटारीत बसून राहावे लागेल, जे दुखऱ्या गुडघ्यांना चालण्यापेक्षाही जास्त जाचते.

हेच गणित मॉस्कोतल्या एखाद्या मोठ्या संग्रहालयासाठी केले असते, तर मी हरकत घेतली नसती, कारण तिथे सगळे छपराखाली आणि दिव्यांच्या प्रकाशात पाहायचे असते. सुझदालचे तसे नाही. इतिवृत्तांत या गावाचा पहिला उल्लेख १०२४ सालचा आहे. बाराव्या शतकात युरी दोल्गोरुकी या राजाने ते आपल्या राज्याचे मुख्य ठाणे केले. पण त्याचा मुलगा आंद्रेई बोगोल्युब्स्की याने ११५७ मध्ये राजधानी शेजारच्या व्लादिमीरला नेली आणि राजकारण तिकडे गेले. पुढे १८६० च्या दशकात मॉस्कोहून निझ्नी नोवगोरोदकडे जाणारी रेल्वेही व्लादिमीरवरून गेली आणि सुझदाल बाजूला राहिले. रेल्वे नाही म्हणून मोठे कारखाने नाहीत, आणि कारखाने नाहीत म्हणून कामगारांच्या नऊमजली चाळीही नाहीत. आज सुमारे दहा हजार वस्तीच्या या गावात, जे आपल्याकडच्या कित्येक तालुक्याच्या गावांहून लहान भरेल, जुन्या भागात घुमट आणि घंटाघरे यांखेरीज उंच असे काही दिसत नाही. पाहण्यासारखे आहे ते हेच: कामेन्का नदीचे वळण, तिच्या दोन्ही तीरांवरची चर्चे, लाकडी नक्षीच्या खिडक्यांची बैठी घरे आणि मधली मोकळी बर्फाळ कुरणे. अंधार पडला की यातले बहुतेक सगळे दिसेनासे होते.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: सुझदालला जायचे असेल तर एक रात्र राहा. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघा, म्हणजे दोन अर्धे दिवस उजेडाचे मिळतील. या सल्ल्याला अपवाद आहेत हेही मान्य करतो. हाच प्रश्न जूनमध्ये, सतरा तासांच्या दिवसात, तिशीतल्या दोघांनी विचारला असता, तर पहाटेची गाडी पकडा आणि रात्री परत या, असे सांगितले असते. आणि तुमच्या आरक्षणांमुळे मॉस्कोबाहेर रात्र काढणे शक्यच नसेल, तर सुझदालचा हट्ट सोडून सेर्गियेव पोसादला जा. ते मॉस्कोपासून सत्तर-एक किलोमीटरवर आहे, तिथला त्रिमूर्ती मठ एकाच तटबंदीच्या आत आहे, आणि आईंना घेऊन अर्ध्या दिवसात तो नीट पाहून होतो. घाईत पाहिलेल्या सुझदालपेक्षा सावकाश पाहिलेले सेर्गियेव पोसाद केव्हाही चांगले.

आता कसे जायचे. टॅक्सीपेक्षा मी रेल्वे सुचवेन. मॉस्कोहून व्लादिमीरला जाणाऱ्या लास्तोच्का नावाच्या जलद गाड्या पावणेदोन ते दोन तासांत पोहोचवतात, रस्त्यावरच्या बर्फाचा त्यांना फारसा फरक पडत नाही, आणि आईंना गाडीत उठून पाय मोकळे करता येतात. एक गोष्ट मात्र तिकिटावर डोळ्यांत तेल घालून पाहायची, ती म्हणजे सुटण्याच्या स्थानकाचे नाव. पूर्वेकडच्या गाड्या पूर्वी प्रामुख्याने कुर्स्की स्थानकावरून सुटत. २०२१ मध्ये वोस्तोच्नी हे नवे स्थानक सुरू झाले आणि काही गाड्या तिकडे गेल्या. दोन्ही स्थानके एकमेकांपासून बरीच दूर आहेत. तिकीट मॉस्कोत पोहोचल्यावर स्थानकाच्या खिडकीवर रोख पैसे देऊन काढता येते. त्यासाठी चौघांचे मूळ पासपोर्ट लागतात आणि तिकिटावरचे नाव पासपोर्टाशी जुळावे लागते. शुक्रवारी संध्याकाळी मॉस्कोबाहेर जाणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी मॉस्कोत येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात, म्हणून शक्यतो त्या टाळा.

व्लादिमीरच्या रेल्वे स्थानकासमोर रस्ता ओलांडला की बसस्थानक आहे आणि तिथून सुझदालला दिवसभर बस जातात. प्रवास पाऊण तासाच्या आसपासचा आहे. पण सुझदालचे बसस्थानक गावाच्या मध्यापासून पावणेदोन-दोन किलोमीटर अलीकडे आहे. काही बस पुढे बाजारचौकापर्यंत जातात, काही जात नाहीत, त्यामुळे चालकाला आधी विचारावे लागते. बर्फात सामान ओढत ते अंतर आईंबरोबर चालणे योग्य नाही. चौघे आहात, तेव्हा व्लादिमीरहून थेट मुक्कामाच्या दारापर्यंत टॅक्सी करा. खर्च चौघांत वाटला की फारसा जाणवत नाही. परतीची टॅक्सी मुक्कामाच्या घरमालकाकडूनच आदल्या रात्री ठरवून घ्यावी.

गावाची रचना समजली की चालणे निम्मे वाचते. लेनिन रस्ता उत्तर-दक्षिण जातो. त्याच्या उत्तर टोकाला तांबड्या भिंतींचा स्पासो-येवफिमियेव मठ आहे आणि दक्षिणेकडे, नदीच्या वळणात, क्रेमलिन म्हणजे गावाचा जुना किल्ला आहे. दोन्हींमधले अंतर दोनेक किलोमीटर असून मध्यावर बाजारचौक आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली कमानींच्या ओळीची जुनी बाजारपेठ आहे. मुक्काम या चौकाच्या आसपासच शोधा. नदीपलीकडची घरे छायाचित्रांत फार गोजिरवाणी दिसतात आणि स्वस्तही असतात, पण डिसेंबरात संध्याकाळी पाच वाजता निसरड्या पुलावरून जेवायला येण्याची वेळ आली की त्या स्वस्ताईची किंमत कळते.

पहिल्या दिवशी दुपारी क्रेमलिन पाहा. तिथली जमीन बहुतांशी सपाट आहे आणि आईंना जमेल तेवढेच पाहून थांबता येते. निळ्या घुमटांवर सोनेरी तारे असलेले मेरीजन्म कॅथीड्रल सगळ्या चित्रांत असते, आणि बहुतेक लोक मान वर करून घुमट पाहतात आणि पुढे जातात. तुम्ही भिंतीच्या मध्यावर लहान कमानींचा जो पट्टा आहे, तिथे नजर न्या. त्याखालचा भाग १२२२ ते १२२५ या काळात बांधलेला पांढऱ्या दगडाचा आहे; त्यात मधूनच कोरलेले सिंह आणि स्त्रियांचे चेहरे दिसतात. वरचा भाग १४४५ मध्ये कोसळला आणि पुढे १५२८ ते १५३० या काळात विटांनी पुन्हा उभारला गेला. जवळून पाहिले की रंगाखालीसुद्धा दगड आणि विटा यांतला फरक कळतो, आणि तीनशे वर्षांचे अंतर एका भिंतीवर हाताने दाखवता येते. आत सोनेरी दरवाजे म्हणून प्रसिद्ध असलेली तांब्याच्या पत्र्यांची दारे आहेत; काळ्या पृष्ठावर सोन्याने बायबलमधले प्रसंग चितारलेले आहेत. आतल्या भित्तिचित्रांना ओल सोसत नाही, त्यामुळे हवेत दमटपणा वाढला की कॅथीड्रल पर्यटकांसाठी बंद ठेवतात. तसे झाले तर वाईट वाटून न घेता शेजारच्या आर्चबिशपच्या प्रासादात जा. तिथले भव्य सभागृह मध्ये एकही खांब न ठेवता बांधलेले आहे, त्याच्या शेगड्या रंगीत फरशांनी मढवलेल्या आहेत, ते उबदार आहे आणि आईंना बसायलाही मिळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच टॅक्सीने स्पासो-येवफिमियेव मठाच्या दारात उतरा. १३५२ मध्ये स्थापन झालेल्या या मठाभोवती सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा तट आणि बारा बुरूज आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी पोलिश फौजांना मॉस्कोतून हुसकावणाऱ्या सैन्याचे नेतृत्व केलेल्या दिमित्री पोझार्स्कीची समाधी इथेच आहे. कॅथरिन दुसरी हिने १७६६ मध्ये याच मठात तुरुंग केला, आणि स्टालिनग्राडला शरण आलेला जर्मन फील्डमार्शल पाउलुस यालाही काही काळ इथे ठेवले होते. तुरुंगाच्या इमारतीत आता प्रदर्शन आहे. दिवसातून ठरावीक वेळांना घंटावादन होते आणि त्याची वेळ तिकीट खिडकीवर विचारून मगच आत फिरण्याचा क्रम ठरवावा. रशियन घंटा स्वतः हलत नाही. तिच्या आतल्या लोळीला दोर बांधलेला असतो आणि वाजवणारा माणूस दोन्ही हातांत दोरांचे जुडगे धरून, मोठ्या घंटेचा दोर पायाने दाबत, एकटाच सगळा मेळ साधतो. अंगणातून त्याचे हात दिसतात. हे उघड्यावर उभे राहून ऐकायचे असते, तेव्हा आईंना आधी जवळच्या दालनात बसवून वेळ झाली की बाहेर आणावे.

मठाच्या मागच्या बाजूने नदीपलीकडचा पोक्रोव्स्की मठ पांढऱ्या भिंतींसह खाली पसरलेला दिसतो. मला विचाराल तर गावातले सर्वांत सुंदर दृश्य हेच आहे. मात्र तिथे जाणारी वाट उतारावरची आणि हिवाळ्यात काचेसारखी गुळगुळीत असते. तुम्ही दोघे आळीपाळीने जा, आईंना नेऊ नका. पोक्रोव्स्की हा आजही जोगिणींचा चालता मठ आहे. मूल होत नाही म्हणून वासिली तिसरा याने आपली राणी सोलोमोनिया हिला १५२५ मध्ये जबरदस्तीने संन्यास घ्यायला लावून पुढे इथेच पाठवले, आणि पीटर द ग्रेटची पहिली पत्नी येव्दोकिया हीसुद्धा १६९८ मध्ये इथेच आली. मठात आणि चालू असलेल्या कोणत्याही चर्चमध्ये स्त्रियांनी डोक्यावरून रुमाल घ्यावा, पुरुषांनी टोपी काढावी आणि प्रार्थना चालू असताना छायाचित्रे घेऊ नयेत.

क्रेमलिनपासून नदीपलीकडे लाकडी वास्तूंचे संग्रहालय आहे. आसपासच्या खेड्यांतली अठराव्या शतकातली लाकडी चर्चे, शेतकऱ्यांची घरे आणि पवनचक्क्या तिथे आणून उभ्या केल्या आहेत. वेळ आणि ताकद उरली तर जा. पण घरांच्या पायऱ्या उंच, उंबरे जाड आणि दारे इतकी ठेंगणी आहेत की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, त्यामुळे आईंसाठी बाहेरून एक फेरी पुरेशी आहे. किदेक्षा गाव आणि नेर्ल नदीकाठचे चर्च या दोन्ही नावांवर तुम्ही पाठवलेल्या यादीत खूण केली आहे. या सहलीत दोन्ही सोडा. नेर्लच्या चर्चला पोहोचायला उघड्या कुरणातून किलोमीटरभराहून जास्त चालावे लागते, आणि डिसेंबरच्या वाऱ्यात ते सत्तरीच्या गुडघ्यांना झेपणारे नाही. त्याऐवजी परतताना व्लादिमीरला दोन तास ठेवा, सामान स्थानकाच्या सामानघरात टाका आणि टॅक्सीने वर टेकडीवर जा. उस्पेन्स्की कॅथीड्रलमध्ये आंद्रेई रुब्ल्योव आणि दानिइल चोर्नी यांनी १४०८ मध्ये काढलेली भित्तिचित्रे आहेत, आणि तिथून काही मिनिटांवरच्या दिमित्रीच्या कॅथीड्रलच्या बाहेरच्या भिंती वरपासून अर्ध्यापर्यंत कोरीव प्राणी, पक्षी आणि स्वारांनी भरलेल्या आहेत.

वारांबाबत एक सावधगिरी हवी. सुझदालमधल्या सगळ्या संग्रहालयांची सुट्टी एकाच वारी नसते, आणि शिवाय महिन्यातून एकदा सफाईसाठी प्रत्येक संग्रहालय बंद असते. तिकीट खिडकीही संग्रहालयापेक्षा आधी बंद होते. व्लादिमीर-सुझदाल संग्रहालयाच्या संकेतस्थळावर जाण्याच्या आठवड्यात वेळापत्रक पाहा आणि गरज पडली तर मी वर सांगितलेले दोन अर्धे दिवस सरळ उलटे करा.

तारखेबाबतही बोलले पाहिजे. रशियात १ ते ८ जानेवारी नववर्ष आणि ख्रिसमसची सलग सुट्टी असते, आणि ३० डिसेंबरपासूनच मॉस्कोचे लोक सुझदालला लोटतात. त्या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात आणि उपाहारगृहांत आधी सांगितल्याशिवाय जागा मिळत नाही. तुमची २७ तारीख त्या गर्दीच्या अलीकडे आहे, ही चांगली गोष्ट. मुक्काम २६ ला किंवा २७ ला करा, पुढे ढकलू नका.

मुक्कामासाठी आपल्या नेहमीच्या परदेशी संकेतस्थळांचा उपयोग नाही. बुकिंग आणि एअरबीएनबी या दोघांनी मार्च २०२२ पासून रशियातले आरक्षण बंद केले आहे. ओस्त्रोवोक या रशियन संकेतस्थळावर किंवा यांडेक्स या रशियन शोधयंत्राच्या प्रवास विभागात शोधा आणि पोहोचल्यावर पैसे देण्याची सोय असलेलीच खोली घ्या. घरमालकाला चार गोष्टी लेखी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, स्वच्छतागृह खोलीतच आहे का, न्याहारी आहे का, आणि परदेशी पाहुण्यांची नोंदणी ते करतात का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. परदेशी पाहुणा आल्याची नोंद करणे ही मुक्काम देणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी असते. हॉटेले ती नेहमीच करतात, लहान घरगुती मुक्कामांत काही जण टाळाटाळ करतात. टाळणाऱ्याकडे राहू नका.

जेवणाची तुम्हाला वाटते तेवढी काळजी नाही, आणि त्याचे कारण तुमची तारीखच आहे. ऑर्थोडॉक्स पंचांगानुसार ख्रिसमस ७ जानेवारीला येतो आणि त्याआधी, २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी, उपवासाचा काळ असतो. या काळात बरीच उपाहारगृहे ‘पोस्नोये मेन्यू’ म्हणजे उपवासाचे वेगळे पदार्थपत्रक ठेवतात, आणि सुझदालसारख्या मठांच्या गावात तर ते हमखास विचारावे. त्यात मांस, अंडी आणि दूध वर्ज्य असते. मासे मात्र काही दिवशी चालतात, त्यामुळे तेवढे विचारून घ्यायचे. नुसते ‘मांस नको’ असे म्हणून भागत नाही, कारण कोंबडी आणि मासे यांना बरेच जण त्यात धरत नाहीत. ‘नी म्यासा, नी कुरित्सी, नी रीबी’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, असे पूर्ण वाक्य रशियन लिपीत मोबाइलवर लिहून ठेवा आणि दाखवा. रस्स्यासाठी ‘नी म्यास्नोवो बुल्योना’ हे शब्द जोडा, कारण बोर्श आणि श्ची ही कोबी-बिटाची सूपे असली तरी बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवलेली असतात.

बिनधास्त मागवण्यासारखे पदार्थ पुष्कळ आहेत. बटाट्याचे किंवा चेरीचे वारेनिकी (उकडलेल्या करंज्या), मशरूम घालून केलेला बकव्हीटचा भात, बीट-बटाट्याची विनेग्रेत ही कोशिंबीर, मध किंवा जॅम लावलेले ब्लिनी म्हणजे पातळ धिरडी (उपवासाच्या पत्रकाबाहेर त्यांत बहुधा अंडे असते, तेवढे विचारून), आणि कुंडीत भाजलेले मशरूम-बटाटे सुझदालमध्ये सहज मिळतात. पेल्मेनी दिसायला वारेनिकीसारखेच असतात, पण त्यांत मांस असते. ऑलिव्हिए सॅलडमध्येही मांसाचे तुकडे असतात. पिरोझ्की म्हणजे सारण भरलेल्या लहान पावांत, कोबीच्या असल्या तरी, कधीकधी अंडे घालतात. घरी कांदा-लसूण चालत नसेल, तर मात्र घरून नेलेले थेपले, मेतकूट आणि गरम पाण्यात होणारा उपमा यांवरच भिस्त ठेवा. उकळते पाणी मुक्कामी नेहमी मिळते. सुझदालची खासियत म्हणजे मेदोवुखा, पण ते मधाचे मद्य आहे. आईंना त्याऐवजी स्बितेन द्या. मध, आले, लवंग आणि दालचिनी घालून ते गरम देतात आणि त्यात सहसा मद्य नसते, तरी विचारून खात्री करावी. सुझदालची काकडीही प्रसिद्ध आहे, इतकी की जुलैमध्ये तिचा वेगळा उत्सव होतो. बाजारचौकात वृद्ध बायका खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या मांडून बसतात. बरणी घेतलीत तर ती विमानात हातातल्या पिशवीत नेता येणार नाही, चेक-इन सामानात नीट गुंडाळून ठेवा.

थंडीबाबत आकडा सांगायचा तर त्या दिवसांत उणे पाच ते उणे पंधरा धरून चाला आणि कडाका पडला तर उणे पंचवीसचीही तयारी ठेवा. कोरडी थंडी अंगभर कपड्यांत सोसते. सोसत नाही ते पायांना. आईंसाठी सगळ्यात मोठा खर्च बुटांवर करा. पाऊल आणि जाड लोकरी मोजा दोन्ही आत सैल राहतील असे एक माप मोठे, खडबडीत तळाचे, घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत, आणि त्यांवर चढवायचे दातेरी रबरी पट्टे मॉस्कोत विकत घ्या. बर्फापेक्षा बर्फाखाली गोठलेले पाणी धोक्याचे असते, आणि आईंची पडझड हाच या सहलीतला एकमेव गंभीर धोका आहे. अंगात थर्मल, त्यावर लोकर, त्यावर वारा न शिरणारा कोट असे तीन थर घाला, कारण आतल्या खोल्या इतक्या तापवलेल्या असतात की एकच जाड थर काढता येत नाही आणि ठेवताही येत नाही. आईंना साडीच हवी असेल तर ती मॉस्कोत जेवायला जाताना नेसू द्या. सुझदालच्या बर्फात काठ ओला होऊन गोठतो आणि पाय अडकतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

पैशांबाबत तुम्ही ऐकलेले खरे आहे. रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत, त्यामुळे सगळा खर्च रोखीने होईल असे धरा. बहुतेक देशांना जाताना एका प्रवाशाला ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, पण रशियासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घेतलेले सगळे परकीय चलन नोटांत नेण्याची मुभा आहे. अधिकृत चलन विक्रेत्याकडून पावतीसह घ्या. नोटा नव्या, न फाटलेल्या आणि शिक्के किंवा शाई नसलेल्या हव्यात, नाहीतर बँकेची खिडकी त्या परत करते. बदलण्याचे काम मॉस्कोतच, पासपोर्ट दाखवून, बँकेत उरका. सुझदालला जाताना रूबल लहान नोटांत ठेवा; स्वच्छतागृह आणि बाजारातल्या बायका यांच्यासाठी मोठी नोट निरुपयोगी असते. चौकात घोड्याची स्लेज दिसेल, ती आईंना नक्की आवडेल, पण बसण्याआधी भाव आणि फेरी दोन्ही ठरवून घ्या.

रशियन सिमकार्ड घेणे परदेशी माणसाला १ जानेवारी २०२५ पासून बरेच अवघड झाले आहे, आणि मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंदही असते. गावाचा नकाशा, मुक्कामाचा पत्ता रशियन लिपीत आणि घरमालकाचा क्रमांक हे सगळे मॉस्कोतून निघतानाच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, आणि पत्त्याचा एक कागद आईंच्या पर्समध्येही असू द्या. सध्याच्या युद्धामुळे मॉस्कोच्या विमानतळांवरची उड्डाणे कधीकधी काही तास थांबवली जातात. म्हणून सुझदालहून परतण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस एकच ठेवू नका, मध्ये मॉस्कोची एक रात्र असू द्या. प्रवास विम्यात रशियाचा समावेश आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

भारतीय पासपोर्टवर ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा मिळतो आणि त्यावर सुझदालला जायला वेगळी परवानगी लागत नाही. अर्जातले नाव पासपोर्टमधल्याशी अक्षरशः जुळले पाहिजे. मुक्कामाचे दिवस आणि शुल्क यांत मध्यंतरी बदल झाले आहेत, म्हणून जुनी माहिती न वापरता रशियाच्या परराष्ट्र मंत्रालयाचे ई-व्हिसाचे संकेतस्थळच पाहा. विमानतळावर पासपोर्टबरोबर मिळणारी मायग्रेशन कार्डाची चिठ्ठी परत जाईपर्यंत जपायची. सुझदालचा घरमालक नोंदणीसाठी तीच मागेल. आईंची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या. गुडघ्यांसाठी तीव्र वेदनाशामक किंवा झोपेची गोळी असेल तर त्यातले घटक रशियात निर्बंधित आहेत का, हे डॉक्टरांना आणि दूतावासाला आधी विचारा, कारण काही घटकांसाठी अनुवादित चिठ्ठी लागते आणि ती ऐन वेळी मिळत नाही. गावात लहान रुग्णालय आहे, मोठ्या तपासण्यांसाठी व्लादिमीरला जावे लागते, आणि तातडीचा क्रमांक ११२ आहे.

खोलीचे आरक्षण आजच करा, तिकिटे आणि टॅक्सी नंतर ठरवता येतील. तळमजल्यावरच्या, चौकाजवळच्या खोल्या मोजक्याच आहेत आणि नववर्षाच्या आधीच्या आठवड्यात त्याच सर्वांत आधी संपतात.